त्यांच्या वाट्याची फुलं

अक्षय तृतीयेची सकाळ होती. पितरांच्या घागरीची तयारी चालली होती. लाल माठ धुऊन पाटावर ठेवला होता, स्वयंपाकघरात चिंचवणीत गूळ विरघळत होता आणि रसाच्या आंब्यांचा वास ओसरीपर्यंत आला होता. नागपूरहून आलेली माझी भाची उन्हं व्हायच्या आत फिरायला म्हणून नाल्यापलीकडे गेली आणि ओढणीभर चाफा घेऊन आली. पांढरा, पोटाशी पिवळा, देठांतून अजून चीक गळत असलेला. परडीत कण्हेर नि मोगऱ्याच्या थोड्या कळ्या होत्या, त्यांच्यावर तिनं तो चाफा ओतला. मोठी आई, म्हणजे माझी थोरली काकू, देवघरातून बाहेर आली, परडीकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठून आनले व माय हे?" भाचीनं हात करून दाखवलं. "तिकडे किती झाडं आहेत आजी! खाली नुसता सडा पडला होता." मोठी आई रागावली नाही. खाली बसली, एकेक फूल उचलून वेगळं काढलं, पितळी ताटलीत ठेवलं. ताटली देवापुढे गेली नाही, तुळशीपाशीही गेली नाही. गोठ्याच्या भिंतीवर, सावलीत ठेवून तिनं फुलांवर पाणी शिंपडलं. ऊन उतरल्यावर सालदाराला हाक मारून म्हणाली, "जिथले तिथं नेऊन ठेव." भाचीला काही कळेना. "पण आजी, मी तोडली नाहीत, पडलेलीच होती." त्यावर मोठी आई एवढंच म्हणाली, "पडले असले तरी आपले नोहोत. त्याइचे हायेत ते."

त्यांचे म्हणजे कोणाचे, हे घरातल्या सगळ्या मोठ्यांना माहीत होतं. भाचीला कोणी सांगितलं नाही. पितरांच्या ताटात पुरणपोळी वाढली गेली, रस वाढला गेला, आजोबांच्या, पणज्याच्या, माझ्या बाबांच्या नावानं विस्तवावर घास पडले. तुपाचा चर्र आवाज झाला, धूर डोळ्यांत गेला. नावं घेणारा चुलतभाऊ बाबांच्या नावापाशी थोडा अडखळला, कारण ते नाव या यादीत अजून नवं आहे.

नाल्यापलीकडच्यांचं नाव कोणी घेतलं नाही. त्यांना नावच नसतं.

काटोलकडच्या आमच्या गावात मसण नाल्याच्या पलीकडे आहे. अलीकडे संत्र्याचे बगीचे, कपाशीची काळी जमीन, आणि नाला ओलांडला की एकदम मुरमाड टेकाड लागतं. तिथं वखर चालत नाही, नांगराचा फाळ दगडावर खणखणतो. आमच्या लहानपणी आम्हा मुलींना नाल्याच्या काठापर्यंत मुभा होती. धुणं धुताना मान वर केली की पलीकडची झाडं दिसायची: एक अवाढव्य चिंच, बोरींचं बेट, वेडेवाकडे हिवर, एक एकटा मोह, आणि मधूनमधून ते चाफे. हिवाळ्यात चाफ्याला एक पान नसायचं. राखाडी, बोटं सुजल्यासारख्या फांद्या आकाशात उभ्या. मग चैत्र लागला की पानं फुटायच्याही आधी फांदीच्या टोकाला फुलांचा गुच्छ यायचा. त्या झाडांबद्दल आम्हाला बरंच काही सांगितलेलं होतं. चिंचेखाली झोपू नये, उठलेला माणूस वेडा होतो. तिन्हीसांजेला केस मोकळे सोडून तिकडे तोंड करू नये. मसणातल्या बोरी गोड असतात, पण ज्यानं खाल्ल्या त्याला रात्री कोणीतरी परत मागायला येतं. मोहाची फुलं पहाटे सगळा गाव वेचतो, आपापल्या झाडाखालचा पालापाचोळा झाडून ठेवतो, पण त्या एका मोहाखालची फुलं तशीच आंबून जायची. त्यांचा कुबट गोड वास वाऱ्यावर यायचा आणि आम्ही नाकाला पदर लावायचो.

माणसं मातीला जायची, बाया उंबरठ्यापर्यंत. परत आलेल्या माणसांची ओली धोतरं, दाराशी ठेवलेल्या पाण्याचा पायांवर शिपका, तोंडात कडुलिंबाचं पान, चावून थुंकलेला हिरवा चोथा. मसण आम्हाला ठाऊक होतं ते एवढंच. तिथली जमीन कशी लागते, झाडांची सावली कशी पडते, कोणाला कुठे ठेवतात, हे घरातल्या बाईनं विचारायचं नसतं आणि पुरुषानं सांगायचं नसतं. आयुष्यभर ज्यांच्यासाठी भाकरी थापली, ती माणसं शेवटी कुठे गेली ती जागा बाईनं पाहिलेलीच नसायची. अशा बाया आमच्या गावात अजून आहेत.

बाबा गेले तेव्हा मी पहिल्यांदा नाला ओलांडला. भावकीत कुजबुज झाली, पण मोठी आईच म्हणाली, "जाऊ द्या तिले." ती स्वतः मात्र आली नाही. चिता पेटल्यावर माणसं पांगून बसतात, कोणी तंबाखू मळतं, कोणी कापसाच्या भावाचं बोलतं, तशी ती बसली आणि मी चाफ्यापाशी जाऊन उभी राहिले. इतक्या जवळून मी तो कधी पाहिला नव्हता. खोडावर गळलेल्या पानांच्या खुणा होत्या, बोटानं मोजाव्यात अशा एकावर एक. बुडाशी मुठीएवढ्या दगडांचं कडं, निम्मं मुरमात बुडालेलं, आणि एका बाजूचे दगड मुळांनी वर उचललेले. दोन दगडांच्या फटीत वाळलेली बोराटी अडकलेली होती, जुनी, हात लावला की मोडणारी. शेजारी दुसरा चाफा, त्याच्याही बुडाशी दगड. पलीकडे आणखी. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही झाडं आपोआप उगवलेली नाहीत. चिंच कोणाच्या तरी थुंकलेल्या चिंचोक्यातून आली असेल, बोरी काट्यांबरोबर आल्या असतील, हिवर तर कुठेही येतो. पण चाफ्याचं बी असं वाऱ्यावर येऊन गावोगाव रुजत नाही. त्याची फांदी कोणीतरी हातात धरून नाला ओलांडावा लागतो.

कोणी आणली ती, हे मला गावच्या जुन्या कोतवालांनी सांगितलं. ते आता थकलेत, डोळ्यांनी कमी दिसतं, पण मसणातल्या जागा त्यांना हाताच्या रेषांसारख्या पाठ आहेत. दात यायच्या आत गेलेलं मूल जाळत नाहीत, पुरतात, हे मला माहीत होतं. बाकीचं त्यांनी सांगितलं. खड्डा मांडीइतका खोल घ्यायचा, आत मीठ, वर माती, मातीवर दगड आणि दगडांवर बोराट्या, म्हणजे कोल्हं-तरस उकरत नाहीत. मोठ्या माणसासारखी तिरडी नाही, मडकं नाही, चुलता किंवा मामा कापडात गुंडाळून छातीशी धरून नेतो. बरोबर दोन-तीन माणसं. तेरवी नाही, पिंड नाही, पितरांच्या यादीत जागा नाही. "मंग बाया फांदी देत," कोतवालबुवा म्हणाले. बाई बाळंतिणीच्या खोलीत असायची, सोयर आणि सुतक एकत्र, तिला उठून दाराशीही येता यायचं नाही. तिनं करायचं एवढंच, की परसातल्या चाफ्याची फांदी तोडायला सांगायची. आणि चाफ्याच्या फांदीचा गुण असा, की ती तोडल्या तोडल्या लावायची नसतेच. चीक सुकू द्यावा लागतो. आठ-पंधरा दिवस कोनाड्यात पडून राहिली तरी जीव धरून असते. मग कोणी दीर, कोणी भाऊ तिकडे निघाला की ती त्याच्या हातात द्यायची. "म्हने, खोसून ये. दुसरं काई नाई म्हनत बाई."

मी विचारलं, चाफाच का. बुवांनी मी काहीतरी भलतंच विचारल्यासारखं पाहिलं. "शेळी खात नाई. पानी मांगत नाई. अन् तिथं पानी घालाले जानार कोन?"

पुढचं त्यांनी मी न विचारता सांगितलं. "तुह्या मोठ्या आईची फांदी तुह्या बाबानं खोसली. पोट्टाच होता तवा. मीच खड्डा घेतला होता, तो मांगून आला फांदी घेऊन."

बाबांनी हे कधी सांगितलं नाही. मोठ्या आईला एक मूल होऊन गेलं होतं, हे मला ओझरतं माहीत होतं. आमच्या घरात ती गोष्ट "मधू दादाच्या आधीचं" एवढ्या शब्दांत असायची आणि तिथंच थांबायची. पण मिसरूड न फुटलेला माझा बाप हातात चिकानं माखलेली फांदी धरून नाल्याच्या दगडांवरून पलीकडे जातोय, हे चित्र माझ्याजवळ नव्हतं. आता आहे. ते मला हवं होतं की नको, हे अजून ठरवता येत नाही. बाबांना विचारायच्या कितीतरी गोष्टी राहिल्यात, त्यात ही सगळ्यात वर जाऊन बसली. ती फांदी कोणत्या झाडाची झाली? टेकाडावर पाच चाफे आहेत. बुवांना तेवढं मात्र आठवत नाही. दोन त्यांच्या आधीचे, बाकीच्या तिघांतला एक.

हा चाफा मुळात इकडचा नाही. मेक्सिको आणि मध्य अमेरिका हा त्याचा मुलूख, तिथून तो युरोपीय जहाजांबरोबर जगभर गेला, शार्ल प्ल्युमिए नावाच्या फ्रेंच धर्मगुरू-वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावानं प्लुमेरिया झाला आणि आपल्याकडे येऊन इतका मुरला की देवळाच्या पारावर, दर्ग्याच्या अंगणात, साहेबाच्या थडग्याशी, सगळीकडे तोच. त्याचा वास रात्री वाढतो. अंधारात उडणारे मोठे पतंग त्या वासावर येतात, मधासाठी फुलात सोंड घालतात, आणि आत मध नसतो. असे रिकाम्या हातानं एका फुलावरून दुसऱ्यावर जाता जाता ते चाफ्याचं परागीभवन करतात. हे वाचलं तेव्हा मला आमच्या अंगणातल्या वैशाखातल्या रात्री आठवल्या. विदर्भातल्या उन्हाळ्यात घरात झोपणं शक्यच नसतं. भिंती मध्यरात्रीपर्यंत भाजतात. सगळं घर अंगणात, बाजा टाकून, पाणी शिंपडलेल्या मातीवर. पहाटेच्या सुमारास वारा फिरायचा आणि नाल्याकडून तो वास यायचा, गोड, थोडा कोंदट, मोहाच्या आंबलेल्या वासात मिसळलेला. कोणी म्हणायचं, वास आला की तोंडावर पांघरूण घ्या, तिकडचे फिरायला निघालेत. आम्ही घ्यायचो. मोठ्या आईची बाज मात्र दर उन्हाळ्यात नाल्याच्या अंगालाच असायची. तिला कोणी सरक म्हणत नसे.

बाईला तिथं जाता येत नाही, तर तिथलं काहीतरी तिच्यापर्यंत यावं, असं कोणी ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. पण पिढ्यान् पिढ्या बायांनी चाफाच निवडला, हे खरं आहे.

अशी मुरमाड टेकाडं मेलेल्यांना द्यायची ही रीत आमच्या भागात फार जुनी आहे, आमच्या कुळांच्या कितीतरी आधीची. नागपूरहून काटोलकडे येताना जुनापाणी लागतं. तिथं मोठमोठ्या दगडांची वर्तुळं आहेत, सुमारे तीनशे. ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकातल्या माणसांच्या दफनाच्या जागा. रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकात तिथं पहिल्यांदा खणलं, पुढे पुरातत्त्व खात्यानंही उत्खनन केलं. आत लोखंडाची हत्यारं, घोड्याचं सामान, काळी-तांबडी मडकी सापडली. काही शिळांवर वाटीसारखे खोलगट खळगे कोरलेले आहेत, ओळीनं. माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड, अशी ही वर्तुळं नागपूरच्या आसपास विखुरलेली आहेत, आणि बहुतेक ठिकाणी ती पिकाच्या काळ्या मातीत नाहीत, कडेच्या मुरमावर, खडकावर आहेत. मी तिथं पावसाळा संपता संपता गेले होते. कुसळी गवत कमरेइतकं वाढलेलं, वर्तुळांच्या आत तरवड, बाहेर पळस. त्या गवतात उभं राहून मला एकच प्रश्न पडला, की यांनी कोणतं झाड लावलं असेल? लोखंड टिकलं, घोड्याचा लगाम टिकला, दगड तर टिकलेच. कोणा बाईनं दिलेली फांदी टिकली नाही. ज्यांना घोडा नि तलवार मिळाली त्यांचं वर्तुळ आज सरकारच्या नोंदीत आहे. त्या लोकांचीही तान्ही पोरं जातच असतील.

मेळघाटात कोरकू आदिवासींची रीत वेगळी. तिथं गेलेल्या माणसाच्या नावानं सागाच्या लाकडाची पाटी कोरतात, मुंडा म्हणतात तिला. वर सूर्य-चंद्र, खाली घोड्यावर बसलेला माणूस. गेलेल्यासाठीचा सिडोलीचा विधी झाला की ती गावाबाहेरच्या जुन्या झाडाखाली रोवतात, आधीच्या मुंड्यांच्या शेजारी. नवी पाटी पिवळसर, जुन्या करड्या, आणखी जुन्या वाळवीनं पोखरून आडव्या झालेल्या. कोणी त्या सरळ करत नाही. लाकूड मातीत जाईल तितकं जाऊ देतात. चिखलदऱ्याकडे जाताना अशा एका झाडाखाली मी बराच वेळ बसले होते आणि मला आमच्या मसणापेक्षा तिथं मोकळं वाटलं. बायाही तिथून डोक्यावर मोळ्या घेऊन सहज जात होत्या.

तालुक्याच्या गावी माझी शाळेतली मैत्रीण राहते. तिची अम्मी गेली तेव्हा मी पोचले तर मागच्या अंगणात मोठ्या पातेल्यात पाणी तापत होतं आणि त्यात बोरीची पानं उकळत होती. त्या पाण्यानं मय्यतीला अंघोळ घालतात. घरातल्या बायाच बाईला न्हाऊ घालतात. वाफेला ओल्या पानांचा कडवट-हिरवा वास होता. कबरस्तानात मात्र तिलाही जाता आलं नाही. तिच्या भावानं मातीवर हिरवी डहाळी खोचली आणि पुढच्या पावसाळ्यात तिनं त्याच्याकडे सब्जाचं बी पाठवलं. आम्ही दोघी तिच्या ओसरीवर बसून यावर बोललो नाही. तिनं फक्त, "उगवलाय म्हणतो भाई," एवढं सांगितलं आणि मी चहा घेतला.

आणि आमच्या गावातलं मसण एक नाही, हेही लिहायला हवं, नाहीतर हे सगळं उगाच गोड होऊन बसेल. नाल्याच्या वरच्या अंगाला आमचं, खालच्या अंगाला, जिथं पावसाळ्यात पाणी चढतं, तिथं बौद्धवाड्याचं. पूर्वी वरच्या अंगाची जागा त्यांना मिळत नव्हती. माणसं गेल्यावरही उतारावरचं पाणी कोणाकडून कोणाकडे वाहतं याचा हिशेब ठेवणारं हे गाव आहे. आमच्याकडे पिंपळ म्हणजे मुंजा. सोडमुंज व्हायच्या आधी गेलेला पोरगा पिंपळावर राहतो, रात्री खडे मारतो. आमच्या हद्दीतल्या पिंपळाखालून मोठी माणसंही घाईनं जायची. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली, आमच्या गावचे लोकही पायी गेले होते, आणि त्यानंतर काही वर्षांनी खालच्या मसणात त्यांनी आपल्या हातानं पिंपळ लावला. बोधिवृक्ष म्हणून. आज तो एवढा झाला आहे की त्याच्या सावलीत अख्खी मयत बसते. त्याला पार बांधलाय, पार निळ्या रंगानं रंगवलाय, आणि बायका तिथं जातात. वंदना म्हणतात, मेणबत्ती लावतात, लेकरं पारंब्या नसलेल्या त्या झाडावर चढायची धडपड करतात. एकाच नाल्याच्या काठावर एकाच जातीची दोन झाडं, हाकेच्या अंतरावर. वरच्या झाडाखाली भीती अजून आहे, खालच्या झाडाखालून ती लोकांनी ठरवून काढून टाकली. मला त्या लोकांचं फार कौतुक वाटतं. माझ्या घरातल्या बायांना हे का जमलं नाही, याचं दुःखही होतं.

तरी त्या भीतीला मी सरसकट वाईट म्हणू शकत नाही. तिच्यामुळेच तर ती चिंच, तो मोह, ते चाफे इतकी वर्षं उभे आहेत. गावातली बाकीची जुनी झाडं वीटभट्टीत गेली, रस्त्याच्या रुंदीकरणात गेली. मसणातल्या फांदीला कोणी कुऱ्हाड लावली नाही, कारण तिथलं लाकूड घरच्या चुलीत घालायचं नसतं. पण मोठ्या आईनं त्या दिवशी ताटली परत पाठवली, त्यात भीती नव्हती. मी तिचा चेहरा पाहिला होता. खळ्यावर धान्य मोजताना पाखरांची मूठ आधी बाजूला काढायची, सुताराचं, लोहाराचं ठरलेलं द्यायचं, मग आपलं पोतं शिवायचं, असा हिशेब तिनं जन्मभर ठेवला. घागर नाही, घास नाही, नाव नाही, अशा पोरांच्या वाट्याला आलेली फुलं आपण घरी आणली तर त्यांच्याकडे उरतं काय? तिनं हे असं कधी बोलून दाखवलं नाही, हे माझे शब्द आहेत. पण पितरांच्या दिवशीच ती फुलं आमच्या परडीत आली होती, आणि परडी पुढे कोणासमोर जाणार होती हे तिला दिसत होतं.

आता मोक्षधाम होणार आहे. जनसुविधेच्या अनुदानातून पैसे आलेत: सिमेंटचं शेड, बसायला ओटे, नळ, कंपाऊंड, पेव्हर ब्लॉक, कडेनं अशोकाची रांग. यातलं बरंच हवंच आहे. पावसात चिता विझते, रॉकेल ओतून ओतून माणसं रडकुंडीला येतात, हे मी बाबांच्या वेळी पाहिलं. बायांना बसायला जागा झाली तर त्या येतीलही. पण आराखड्यात शेड जिथं दाखवलंय तिथं दोन चाफे आहेत आणि कंपाऊंडच्या रेषेत बोरींचं बेट. मी ग्रामपंचायतीत जाऊन विचारलं. मोहाला आणि चिंचेला हात लावता येत नाही म्हणाले, परवानगी लागते. खरं आहे ते. वृक्षतोडीच्या १९६४ च्या कायद्याला जोडलेल्या यादीत मोह आहे, चिंच आहे, आंबा, जांभूळ, साग आहे. चाफा त्यात नाही, बोर नाही, हिवर नाही. निस्तारपत्रकात, म्हणजे गावाच्या सामाईक हक्कांच्या नोंदीत, मसणवटीची जागा लिहिलेली आहे, झाडं लिहिलेली नाहीत. तिथल्या माणसानं चांगुलपणानं विचारलं, "ताई, झाड कोणाचं म्हणून लिहू?" मला उत्तर देता आलं नाही.

घरी येऊन मी मोठ्या आईला म्हटलं, पावसाळ्यात प्रत्येक चाफ्याची एकेक फांदी आणू, आपल्या अंगणात लावू, तुझ्या डोळ्यांसमोर राहतील. ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं. "घरी नोको आनू." मी म्हटलं, मग तोडू द्यायचे का? "तोडत असन तर तोडू दे. झाड मरतेच कवा ना कवा. पन लाकूड कोनाच्या चुलीत नाई गेलं पायजे. तिथंच पडू द्या म्हना." मग मी तिला विचारलंच, तुझा कोणता, बाबांनी कधी सांगितलं होतं का. ती बराच वेळ सुपातल्या खड्यांकडे बघत राहिली. "म्या इचारलंच नाई त्याले," ती म्हणाली. "एक सांगतला असता तं बाकीचे परके झाले असते."

तिचं हे मला पूर्ण पटत नाही. झाड जाऊ द्यायची तिची तयारी आहे, माझी नाही. ती तिथं कधी गेली नाही, तिनं खोडावरच्या त्या खुणा पाहिल्या नाहीत, मुळांनी उचललेले दगड पाहिले नाहीत. किंवा तिला ते पाहायची गरज नाही, आणि मला आहे, कारण ती फांदी नेणारा माझा बाप होता. मी अर्ज दिला आहे. शेड पंधरा फूट पूर्वेला सरकवावं, तिथं नुसतं तरोट्याचं रान आहे. पाचही चाफ्यांना दगडी पार नको, सिमेंट तर नकोच, बुडाशी दगड आहेत तसे राहू द्यावेत. वाळलेली फांदी जागेवरून हलवू नये, हे मोठ्या आईचं कलमही मी त्यात घातलं. झाड कोणाचं या रकान्यात गावातल्या बायांचं असं लिहिलं, आणि खाली सही करायला घरोघर फिरले. मोठ्या आईनं अंगठा दिला. आणखीही काही म्हाताऱ्या बायांनी दिला, आणि त्यांतल्या दोघींनी, मी काही न विचारता, आपलीही फांदी तिथं आहे म्हणून सांगितलं. एकीची चाफ्याची, एकीची मेंदीची. मेंदीचं झाड तिथं आज नाही.

ग्रामसभा २ ऑक्टोबरला आहे.